ट्रंककॉलवरचं वाक्य

इंग्रजीच्या वर्गाच्या पहिल्याच संध्याकाळी अक्काला मागच्या बाकावर आपल्या विहीणबाई बसलेल्या दिसल्या आणि ती दारातच थबकली. विहीणबाईंनीही तिला पाहिलं. हसावं, उठावं की तोंड फिरवावं, हे दोघींनाही सुचेना. शेवटी विहीणबाई म्हणाल्या, "बरं आहे ना?" अक्का म्हणाली, "बरं आहे. तुमचं?" एवढं बोलून ती पार दुसऱ्या टोकाच्या बाकावर जाऊन बसली.

तिचं इथे येणं सरळ होतं. मोठ्या हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत तिची उभी हयात गेली होती. वॉर्डातल्या चादरी, ऑपरेशनचे हिरवे झगे, उशांचे अभ्रे; कोणता डाग कशाने निघतो हे तिला झोपेत उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. आता लॉन्ड्रीची इन्चार्ज निवृत्त होणार होती आणि त्या जागेवर बसायचं तर शाळेची शेवटची परीक्षा पास पाहिजे, असा नियम होता. अक्काचे बाकी सगळे विषय लग्नाआधीच सुटले होते. अडून बसलं होतं ते एक इंग्रजी.

पण विहीणबाई? त्या तर हेडमास्तरांच्या पत्नी! अक्काच्या मुलाचं त्यांच्या मुलीशी लग्न झालं त्या दिवशीची गोष्ट अक्का विसरली नव्हती. हॉलच्या ऑफिसात कुणाचा तरी परदेशातून फोन आला. पलीकडे फाडफाड इंग्रजी. मॅनेजर घामाघूम होऊन रिसीव्हर या हातातून त्या हातात करत होता. विहीणबाई शांतपणे पुढे झाल्या, रिसीव्हर घेतला आणि म्हणाल्या, "वन मोमेंट प्लीज. आय ॲम कनेक्टिंग यू." असा आवाज, असा उच्चार, की आजूबाजूची माणसं बोलायची थांबली. त्यांनी रिसीव्हर हेडमास्तरांच्या हातात दिला आणि पुन्हा पाहुण्यांची विचारपूस करायला निघून गेल्या. त्या दिवसापासून अक्का त्यांना जरा वचकूनच असायची. सणासमारंभाला भेट व्हायची तेव्हा "बरं आहे ना?" आणि "बरं आहे" यापलीकडे गाडी सरकत नसे.

आणि त्याच बाई आता इथे, लहान मुलांच्या बाकावर गुडघे आवळून, फळ्यावरचं "धिस इज माय हाउस" उतरवून घेत होत्या.

अक्काला राहवेना. एकदा वाटलं, मॅडमना मदत करायला आल्या असतील. पण मॅडमनी त्यांना उभं करून "तुमच्या घरात किती खोल्या आहेत, सांगा" म्हटलं तेव्हा विहीणबाईंनी नुसतंच छताकडे पाहिलं. "थ्री... रूम... आर..." आणि मग गप्प. शेजारचा बेकरीवाला, ज्याच्या भुवयांवर कायम पिठाचा हात फिरलेला असायचा, तोसुद्धा त्यांच्यापेक्षा बरं बोलला. अक्काने दोन-तीन संध्याकाळी बारकाईने लक्ष ठेवलं. बाई सोंग करत नव्हत्या. त्यांना खरंच येत नव्हतं. मग लग्नातलं ते इंग्रजी कुठून आलं होतं?

वर्ग वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर भरायचा. मॅडम वयाने सगळ्यांत लहान, अक्काच्या सुनेएवढी असेल. तोंडी परीक्षा जोडीने द्यायची असते, हे तिने सांगितलं आणि जोड्या लावल्या. बेकरीवाल्याबरोबर अँब्युलन्सचा ड्रायव्हर. अक्काबरोबर विहीणबाई.

"मॅडम, जरा..." अक्का म्हणाली.

"काही अडचण आहे का?"

अक्काने विहीणबाईंकडे पाहिलं. विहीणबाई पेनाचं टोपण काढत-घालत होत्या. "नाही," अक्का म्हणाली, "अडचण कसली?"

समोरासमोर बसल्यावर पहिली काही मिनिटं फारच अवघड गेली. पण इंग्रजीत एक सोय निघाली. तिथे अहो नाही, अगं नाही, तुम्ही नाही, तू नाही. सगळ्यांना मिळून एक "यू". मुलीकडचे, मुलाकडचे, मान, पान, काही म्हणून त्यात मावत नव्हतं. अक्काने कार्डावरचा प्रश्न वाचला: तुमच्या जोडीदाराला तिच्या पहिल्या नोकरीबद्दल विचारा. मराठीत तिची ही छाती झाली नसती. विहीणबाई नोकरी करत होत्या हेच मुळी तिला ठाऊक नव्हतं.

"व्हॉट वॉज युअर फर्स्ट जॉब?"

विहीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "टेलिफोन."

"टेलिफोन व्हॉट?"

त्यांनी डावा हात कानाशी नेला, जणू तिथे काही लावलेलं आहे, पाठ ताठ केली आणि एकदम तोच लग्नातला आवाज आला. "नंबर प्लीज. सॉरी टू कीप यू वेटिंग. द लाइन इज बिझी. यू आर थ्रू."

सगळा वर्ग मागे वळला. ड्रायव्हरने तर टाळी वाजवली. विहीणबाई लाल झाल्या आणि त्यांनी पुन्हा पेन उचललं.

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर अक्का मुद्दाम जिन्यात रेंगाळली. खाली वाचनालयाशेजारी चहाची टपरी होती. "विहीणबाई, चहा घेणार?" ती म्हणाली. विहीणबाईंनी घड्याळ पाहिलं. "घेऊ या," म्हणाल्या, "पण घरी बोलू नका हं. ह्यांना मी शिवणाच्या क्लासला जाते असं सांगितलंय."

"शिवणाच्या?"

"हो ना. परवा विचारत होते, इतके दिवस शिकतेयस, अजून एक अभ्रासुद्धा कसा शिवून झाला नाही?"

अक्काला हसू आवरेना. विहीणबाईही हसल्या, आणि मग त्या बाकड्यावर बसून त्यांनी सगळं सांगितलं.

लग्नाआधी त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. तेव्हा दूरच्या गावी बोलायचं तर ट्रंककॉल बुक करावा लागे. मुलींची रांग लांबलचक बोर्डापुढे बसायची आणि दोऱ्या खुपसून एका गावाला दुसऱ्या गावाशी जोडून द्यायची. इंग्रजी वाक्यं घोकून घेतली होती, उच्चारासकट. चूक झाली की ट्रेनिंगवाल्या बाई पट्टी आपटायच्या. "पाठ होती तेवढीच," विहीणबाई म्हणाल्या. "त्याच्या बाहेर पाऊल टाकलं की चिखल. शाळेत मी इंग्रजीतच नापास झालेली."

"आणि हेडमास्तर?"

"ह्यांनी आधी माझा आवाज ऐकला. गावी कॉल लावायचे ना. नंतर स्थळ सांगून आलं, चौकशीत कळलं, हीच ती मुलगी. ह्यांनी मनाशी धरूनच टाकलं की बायकोला इंग्रजी येतं. सगळ्यांना कौतुकाने सांगत सुटले. मी कधी हो म्हटलं नाही. पण नाहीही म्हटलं नाही. मग वर्षं गेली आणि नाही म्हणायची वेळच निघून गेली."

"मग आता कशाला हा खटाटोप? तुम्हाला कुठे इन्चार्ज व्हायचंय?"

विहीणबाईंनी कप बाकड्यावर ठेवला. त्या इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, "मला एक वाक्य समजून घ्यायचंय."

एक माणूस होता. दर गुरुवारी संध्याकाळी एका डोंगराळ गावचा कॉल लावायचा. पलीकडे एक बाई उचलायची. दोघं इंग्रजीतच बोलायची. लाइन नीट लागली की नाही हे बघायला ऑपरेटरला थोडा वेळ कान द्यावा लागे. नंतर कान काढायचा, असा नियम. विहीणबाई नियमाने कान काढायच्या, पण त्या दोघांच्या वेळी जरा उशिराने. "काय बोलतात ते कळायचं नाही. नुसता सूर. तो हळूहळू बोलायचा, ती बहुतेक गप्प. कधी कधी तर दोघंही गप्प. पैसे मोजून गप्प बसायचं! मला त्याचंच नवल वाटायचं."

एका गुरुवारी त्याने फक्त एक वाक्य म्हटलं. पलीकडून उत्तर आलं नाही. श्वास अडकल्यासारखा एक आवाज आला, हुंदका की हसू, ते सांगता आलं नसतं. मग त्याने फोन ठेवला. त्यानंतर त्या गावचा कॉल पुन्हा कधी आला नाही.

"कोणाला विचारलं नाहीत?"

"कोणाला विचारणार? ऐकलं म्हटलं असतं तर नोकरी गेली असती. आणि लग्नानंतर ह्यांना विचारायचं, तर मला येतंय ना इंग्रजी!"

"वाक्य आठवतं?"

विहीणबाईंनी डोळे मिटले आणि एखाद्या पुरुषासारख्या खालच्या पट्टीत म्हणाल्या, "लीव्द गेटन लॅश्ट."

अक्का पुढे सरकली. "पुन्हा म्हणा."

"लीव्द गेटन लॅश्ट."

त्या दिवसापासून अक्काला चैन पडेना. लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या घालताना ओठ पुटपुटायचे, लीव्द गेटन, लीव्द गेटन. बरोबरच्या बायकांना वाटलं, परीक्षेने हिच्या डोक्यावर परिणाम झाला. पण त्या वाक्याने अक्काचा अभ्यास मात्र असा वाढला, की तसा इन्चार्जच्या खुर्चीनेही वाढला नसता. वाटेत दिसेल तो नवा शब्द ती त्या वाक्याला लावून बघायची, किल्ल्यांच्या जुडग्यातली एकेक किल्ली कुलपाला लावावी तशी.

पहिला सापडला "गेट". तो तर दोघींनाही येत होता, फक्त त्या आवाजांच्या गर्दीत ओळखू आला नव्हता. मग मॅडमनी "आय लीव्ह होम ॲट सेव्हन" शिकवलं आणि अक्काने बाकाखालून विहीणबाईंचा पाय दाबला. लीव्ह! निघणे. सोडून जाणे.

चहाच्या बाकड्यावर दोघींनी तुकडे जुळवले. "लीव्ह द गेट," अक्का म्हणाली. "फाटक सोडून जा. आणि ते लॅश्ट म्हणजे लास्ट असणार. शेवटचं."

"फाटक सोडून जा, शेवटचं," विहीणबाई पुटपुटल्या.

अक्काने कप खाली ठेवला. म्हणजे त्याने तिला घराबाहेर काढलं होतं. निघ म्हणून सांगितलं होतं. मग तो आवाज हुंदक्याचाच. मग कॉल बंद झाला यात नवल ते काय!

"माणूस वाईट वाटायचा नाही हो आवाजावरून," विहीणबाई म्हणाल्या. "आणि मी म्हणत होते त्याला, यू आर थ्रू. लाइन लागली, बोला. हेच बोलायला जोडून दिलं होतं मी."

पुढच्या वर्गाला त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्यालाही नाहीत. अक्काने सुनेकडे आडून विचारलं, तुझ्या आईची तब्येत बरी आहे ना? सून म्हणाली, "बरी आहे. पण शिवणाचा क्लास सोडला म्हणे. बाबा म्हणतात, सुटलो, नाहीतर तिने शिवलेलं काहीतरी मला घालावं लागलं असतं." अक्काला हसू आलं नाही. तिला राहून राहून वाटत होतं, जुळवाजुळव कुठेतरी चुकतेय. "शेवटचं" हे फाटकाला कसं लागेल? आणि मधला तो "न" कुठे गेला?

तिसऱ्या वेळी मॅडमनी फळ्यावर लिहिलं: लीव्ह द विंडो ओपन. "याचा अर्थ काय?"

"खिडकी सोडून जा, उघडी," बेकरीवाला म्हणाला.

"नाही. इथे लीव्ह म्हणजे निघणं नव्हे. आहे तसं राहू देणं. खिडकी उघडी राहू दे. लीव्ह द लाइट ऑन, दिवा चालू राहू दे. लीव्ह द डोअर..."

अक्का उठून उभी राहिली. बाकात अडकलेल्या गुडघ्यांनी बाक पुढे ढकललं गेलं आणि समोरच्या ड्रायव्हरच्या पाठीत बसलं. "मॅडम! फाटक! गेट राहू दे म्हणजे कसं राहू दे? लीव्ह द गेट न-लॅश्ट?"

"न-लॅश्ट?"

"न-लॅश्ट. अन... अनलॅश्ट."

मॅडमनी डोकं वाकडं करून ऐकलं. मग फळ्यावर एक शब्द लिहिला. "अनलॅच्ड असेल. लॅच म्हणजे कडी. लीव्ह द गेट अनलॅच्ड. फाटकाला कडी लावू नकोस. तसंच राहू दे." ती हसली. "कुठे ऐकलंत हे? छान वाक्य आहे."

अक्काने पिशवी उचलली आणि वर्ग अर्ध्यावर टाकून थेट हेडमास्तरांचं घर गाठलं. पूर्वसूचना न देता विहिणीच्या दारात जाण्याची तिची ही पहिलीच वेळ. हेडमास्तर वर्तमानपत्र घेऊन बाहेरच बसले होते. ते गडबडून उठले. "या, या! सगळं ठीक ना?"

"ठीक आहे. विहीणबाई आहेत का? जरा... शिवणाचं काम होतं."

स्वयंपाकघरात विहीणबाई कांदा चिरत होत्या. अक्काने दार लोटून घेतलं आणि दबक्या आवाजात सांगितलं. विहीणबाईंचे हात थांबले. कांद्याने डोळे भरले होतेच. आता नक्की कशाने, ते कळायला मार्ग नव्हता.

"कडी लावू नकोस," त्या म्हणाल्या. "म्हणजे तो येत होता."

"येत असणार."

"म्हणून पुन्हा कॉल नाही. कॉल करावा लागलाच नाही!"

अक्काचा स्वभाव मात्र खोडी काढायचा. "किंवा मग दूधवाला यायचा असेल सकाळी."

"काहीतरीच. दूधवाल्यासाठी कोणी असा श्वास घेतं का? मी ऐकलाय तो." विहीणबाईंनी सुरी खाली ठेवली. "पण तो कोण होता हो तिचा? नवरा? मुलगा?"

"भाऊ असेल. भांडून गेलेला."

"भावाशी कोणी एवढं गप्प बसतं का?"

"तुम्हाला भाऊ नाही, म्हणून विचारता."

हे चाललं असताना बाहेरून हेडमास्तर ओरडले, "माप घेतलं का नीट?" आणि दोघींनी तोंडात हात कोंबले.

विहीणबाई वर्गात परतल्या. पुढचे सगळे दिवस दोघींचा अभ्यास त्या फाटकावरच झाला. भूतकाळ शिकवला की अक्का विचारायची, तो कशाने आला? भविष्यकाळ आला की विहीणबाई म्हणायच्या, तो आता तिथेच राहील. विशेषणांच्या आठवड्यात त्या बाईला उंची मिळाली, करडे केस मिळाले. ती भित्री की मानी, यावरून वाद झाला आणि चहा निवला.

तोंडी परीक्षेला एक साहेब आले होते, चष्मा कपाळावर चढवलेले, दिवसभर तीच ती वाक्यं ऐकून कंटाळलेले. त्यांनी कार्ड दिलं: एका प्रवासाबद्दल बोला. कोणता प्रवास, हे ठरवायला दोघींना एकमेकींकडे बघावंही लागलं नाही.

"अ मॅन वेंट होम," विहीणबाईंनी सुरुवात केली.

"व्हेअर इज होम?" अक्काने विचारलं.

"इन माउंटन. फार. व्हेरी फार."

"व्हाय ही वेंट?"

"बिकॉज ही वॉज टायर्ड ऑफ टेलिफोन."

साहेबांनी चष्मा खाली ओढला. विहीणबाई अडखळत होत्या, क्रियापदं आगेमागे होत होती, पण थांबत नव्हत्या. त्याने गुरुवारी काय म्हटलं ते सांगताना त्यांनी तो आवाज काढला, आणि ते एकच वाक्य अगदी अस्खलित आलं. बाईने कडी काढून ठेवली. वारा आला, फाटक वाजलं. तिला वाटलं तो आला, पण वाराच होता. ती पुन्हा आत गेली.

"अँड देन?" हा प्रश्न अक्काचा नव्हता. साहेबांनी विचारला होता.

विहीणबाई गोंधळल्या. इथवरचं दोघींनी घोकलं होतं, पुढचं नाही. अक्काने मदतीला तोंड उघडलं, पण त्यांनी हाताने थांबवलं.

"देन ही केम," त्या सावकाश म्हणाल्या. "ही डिड नॉट नॉक."

साहेब खाली वाकून गुण लिहू लागले. मग घड्याळाकडे पाहून दचकले, कारण बाहेर पुढची जोडी केव्हाची खोळंबली होती.

निकाल लागला तेव्हा अक्का काठावर पास झाली. लॉन्ड्रीतल्या बायकांनी तिला इन्चार्जच्या खुर्चीत बळेच बसवून बघितलं. खुर्ची करकरली, म्हणून तिने आधी ती दुरुस्तीला पाठवली. विहीणबाईंना तोंडीत सगळ्या वर्गात सर्वांत जास्त गुण होते, पण लेखीत त्या नापास झाल्या. स्पेलिंगने घात केला. कानाने शिकलेलं हाताला कुठून येणार?

त्या संध्याकाळी दोघी बसस्टॉपवर भेटल्या. विहीणबाईंचा चेहरा अक्काला वाटला होता तेवढा उतरलेला नव्हता.

"घरी सांगितलं मी," त्या म्हणाल्या.

"सगळं?"

"सगळं. एक्स्चेंजचं, नापास झाल्याचं, शिवणाचं. ह्यांनी हातातला पेपर खाली ठेवला. मग म्हणाले, अगं, मी इतकी वर्षं तुला पेपरातलं इंग्रजी वाचून दाखवत होतो, तेव्हा? मी म्हटलं, तेव्हा मी मान हलवत होते."

"चिडले?"

"मला वाटलं चिडतील. पण ते आठवून आठवून विचारायला लागले, मग अमुक वेळी तू हसलीस ती कशाला? तमुक वेळी काय कळलं होतं? जेवण होईपर्यंत तेच. आज सकाळी म्हणतात कसे, मी शिकवतो तुला स्पेलिंग. पुढच्या खेपेला पास करून दाखवतो."

"मग काय म्हणालात?"

"म्हटलं, नको. माझा क्लास आहे."

अक्का इतक्या जोराने हसली की स्टॉपवरची माणसं वळून बघायला लागली. तेवढ्यात बस आली. गर्दी होती, पण एकीला खिडकीजवळ जागा मिळाली आणि दुसरी तिच्या सीटचा दांडा धरून उभी राहिली.

"ती बाई उंच होती असं का ठरवलं हो आपण?" विहीणबाईंनी वर बघून विचारलं. "आवाजावरून मला तर ठेंगणी वाटायची."